तिऱ्हाईताचा अर्ज

अर्ज परत आला याचं मला खरं तर काही वाटायला नको होतं. आठ वर्षं मी स्वतः हेच करत आलो होतो. सांगली संस्थानच्या कचेरीत खिडकीच्या आतल्या बाजूला बसून मी शेकड्यांनी अर्ज परत केले असतील. तारीख नाही, स्टँप कमी, सही भलत्याच जागी. माणसं 'आवं रावसाहेब' करत ताटकळायची आणि मी टाक पुसत दुसरीकडे बघायचो. त्या दिवशी साताऱ्याच्या कोर्टात मी जन्मात पहिल्यांदा खिडकीच्या बाहेरच्या अंगाला उभा होतो. आतला म्हातारा दप्तरी, नानासो त्याचं नाव, चष्म्यावरून माझ्याकडे बघत होता. त्याने माझा कागद गजांमधून बाहेर सरकवला आणि म्हणाला, "ह्यो अर्ज चुकला. तुमी तिऱ्हाईत न्हाई. तुमी ह्या कामात पक्षकार हाय."

मी हसलो. कचेरीतला माणूस कचेरीतल्या माणसाच्या चुकीला हसतो तसा. नकलेचे नियम मला तोंडपाठ होते. ज्याचा दावा त्याने नक्कल मागितली तर कोणी कारण विचारत नाही. अर्ज, कोर्ट फीचा स्टँप, संपलं. तिऱ्हाईताने मागितली तर मात्र त्याला कारण लिहावं लागतं, प्रतिज्ञेवर सांगावं लागतं की हा कागद मला का पाहिजे. मी कारण व्यवस्थित लिहिलं होतं: 'जन्मतारखेचा पुरावा.' संस्थान विलीन झालं, दक्षिण सातारा नावाचा नवा जिल्हा निघाला, आणि आम्हां संस्थानी कारकुनांना नव्या नोकरीत घ्यायचं तर प्रत्येकाच्या जन्मतारखेला कागद पाहिजे असा हुकूम आला. माझा कागद नव्हता. गेल्या वर्षी ब्राह्मणांची घरं पेटवली त्या जळितात वाईजवळचं आमचं घर गेलं, त्यात पत्रिका गेली, शाळेचा दाखला गेला, आणि काका तेवढे अंगावरच्या उपरण्यानिशी माझ्याकडे माधवनगरला आले. त्यांना विचारलं तर ते म्हणायचे, तू माघातला. माघातला म्हणून हेडक्लार्क ऐकतो थोडाच. तेव्हा मला आठवलं की वडील गेल्यावर साताऱ्याच्या कोर्टात आमचं काहीतरी काम झालं होतं. वारसदाखल्याचं, असं काका एकदा ओझरतं बोलले होते. वारसदाखल्यात मुलाचं वय असणार. काका म्हणाले, कोर्टाच्या पायऱ्या कशाला चढतोस, वीस वर्षं झाली, फाडून टाकलं असेल सगळं. मी निघालो तेव्हा ते झोपाळ्यावर बसून होते आणि त्यांनी पेढे आणायला सांगितलं नाही. साताऱ्याला कुणी निघालं की पाव शेर कंदी पेढे आण म्हणून ते मागे लागायचे, शेजाऱ्यालासुद्धा सोडायचे नाहीत. मला ते गाडीत बसल्यावर जाणवलं, आणि म्हातारपण म्हणून मी ते सोडून दिलं.

वारसाचं काम ह्या नावावर नाहीच, असं नानासो सांगत होता. आठल्ये नावावर सबंध रजिस्टरात एकच काम होतं, सन अठ्ठावीसचं, आणि ते पालकत्वाचं होतं. त्याने बोट ठेवून वाचलं. गोदावरीबाई कोम त्र्यंबक आठल्ये, अर्जदार, राहणार मिरज. समोर माझ्या काकांचं नाव. आणि खाली, अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, मधुकर त्र्यंबक आठल्ये, वय वर्षे सात. "ह्यो मधुकर तुमीच न्हवं?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी पक्षकारांचा पुकारा करत होतं आणि मला उगाचच वाटलं की तो माझाच आहे.

गोदावरीबाई म्हणजे माझी आई. तिच्याबद्दल मला जे माहीत होतं ते चार ओळींत मावण्यासारखं होतं. वडील गेले तेव्हा मी पाच वर्षांचा. वर्षभराने आई मिरजेला दवाखान्यात नर्सचं काम शिकायला गेली. केस न काढता, कुणाला न जुमानता गेली. आणि तिने परत माझी चौकशी केली नाही. ही चौथी ओळ काका कधी मोठ्याने म्हणत नसत. मी तापाने फणफणलो की ते रात्रभर उशाशी बसत आणि सकाळी डोळे पुसत म्हणत, बाळ, मी आहे ना. त्यातच ती ओळ असायची. पुढे नोकरीला मी सांगलीत आलो तेव्हा मिरज सहा मैलांवर होती. आठ वर्षांत मी एकदाही गावात पाऊल टाकलं नाही. जिने आपल्याला विचारलं नाही तिच्या दारात आपण का जायचं? हा माझा बाणा होता, आणि तो मी जपला होता, रोज धुऊन पुसून. एकदा, सन चव्वेचाळीसला असेल, मिरज स्टेशनात गाडी बदलताना पांढऱ्या लुगड्यातली एक बाई छत्री टेकत पलीकडच्या फलाटावर उभी दिसली. ती कोण हे मला कळायचा काही संबंध नव्हता. तरी मी पाण्याच्या टाकीआड गेलो आणि तिची गाडी निघून जाईपर्यंत तिथेच उभा राहिलो. त्या दिवशी मला फार ताठ वाटलं होतं.

नक्कल मिळायला आठवडा लागेल, नानासो म्हणाला, पण पक्षकाराला काम समोर बसून पाहता येतं. त्याचा अर्ज वेगळा. नुसतं बघायचं, हवं तर टिपण घ्यायचं, तेही शिसपेन्सिलीने. शाईचं पेन बाहेर ठेवायचं, म्हणजे अस्सल कागदावर कुणी काही लिहायला नको. मी खिशातलं पेन त्याच्या हातात दिलं. त्याने ते फडताळात ठेवलं आणि मला आतल्या खोलीत नेलं. खोलीला कळकट कापडाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास होता. लाल फडक्यातले बस्ते छतापर्यंत रचलेले. नानासोने आमचा बस्ता न शोधताच काढला. डोळ्यांच्या उंचीवर, पुढेच होता. तेव्हा मला त्याचं नवल वाटलं नाही.

पहिला कागद आईचा अर्ज. 'अज्ञान मधुकर हा अर्जदाराचा एकुलता मुलगा असून त्याचा जन्म ता. ९ फेब्रुवारी १९२१ रोजी झाला.' मिळाली तारीख. एवढ्यासाठीच आलो होतो, आणि इथेच उठलो असतो तर आज मी सुखी माणूस असतो. पण आमच्या खात्यातल्या माणसाला कागद पुढे वाचायची खोड असते. 'अर्जदार हिने मुलगा ताब्यात मिळण्याबद्दल सामनेवाले यांचेकडे तीन वेळा जाऊन विनंती केली. सामनेवाले यांनी मुलास भेटू दिले नाही.' तीन वेळा. मी ते दोनदा वाचलं. मग काकांचं म्हणणं होतं, सोळा कलमी, की अर्जदार ही कोणाच्याही अंगाला हात लावते, तिचे राहणे मुलास शोभणारे नाही, मुलास तिची ओढ नाही. त्याखाली एक पातळ कागद होता, मोडीतला, कारकुनाच्या सराईत हातचा, आणि वरती लिहिलं होतं: अज्ञान मुलाची जबानी, साहेबांच्या खोलीत समक्ष घेतली.

साताऱ्याची ती सहल माझ्या लहानपणातला सगळ्यांत गोड दिवस. हे मी कितीजणांना सांगितलं असेल. कचेरीत चहाच्या वेळी सगळे आपापल्या फुशारक्या मारत तेव्हा मी ही मारायचो. काका मला सात वर्षांचा असताना साताऱ्याला स्कॉलरशिपच्या परीक्षेला घेऊन गेले. नवी टोपी घेतली. मोटारीतून उतरून चालताना प्रत्येक वळणावर ते थांबून विचारायचे, "काय सांगायचं?" आणि मी घडाघडा सांगायचो. काय सांगायचो ते आठवत नाही, पाढा असेल किंवा श्लोक. मोठ्या मेजामागे एक गोरेसे गृहस्थ होते, त्यांनी प्रश्न विचारले, मी एकदाही न अडखळता उत्तरं दिली. मग मला सही करायला लावली. सातव्या वर्षी सही! बाहेर आल्यावर काकांनी माझ्या तोंडात अख्खा पेढा कोंबला, ऊन लागेल म्हणून आपलं उपरणं माझ्या डोक्यावरून पार तोंडापर्यंत ओढलं, मला उचललं आणि जवळजवळ धावतच कोर्टाचा व्हरांडा ओलांडला. उपरण्याच्या आत अंधार होता. कापराचा आणि त्यांच्या घामाचा वास होता, जिभेवर खरपूस खवा विरघळत होता, आणि त्यांची छाती धडधडत होती. मला वाटलं मी पहिला आलो म्हणून. त्या परीक्षेचा निकाल कधी लागला नाही, स्कॉलरशिप कधी आली नाही, आणि एवढ्या वर्षांत मला, दुसऱ्याच्या कागदातली चूक दहा हातांवरून पकडणाऱ्या माणसाला, कधी विचारावंसंही वाटलं नाही की ती परीक्षा कसली.

'मला आईकडे जायचे नाही. आई मला मारते. तिच्या हाताला दवाखान्याचा वास येतो. मला काकांकडेच राहायचे आहे. मला हे कोणी शिकविलेले नाही.'

शेवटचं वाक्यसुद्धा शिकवलेलं होतं. मी कागद खाली ठेवला आणि आठवायला लागलो की आई मला मारायची का. आठवेना. हाताचा वास आठवायला गेलो तर कापूर आठवला, काकांचा. माझ्याकडे तिचं काही उरलेलंच नव्हतं, एकच गोष्ट सोडून. ती मला अक्षरं शिकवायची तेव्हा म्हणायची, आधी दोरी बांध, मग एकेक कपडा वाळत घाल. म्हणजे आधी पुरती शिरोरेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगायची. शाळेत मास्तरांनी छडी मारली तरी ती सवय गेली नाही. आजही मी सही करतो ती तशीच, आधी रेघ. कचेरीत सगळे चेष्टा करतात, आठल्ये आधी दांडी लावतात म्हणून. आणि जबानीच्या खाली, त्या सराईत मोडीच्या खाली, डुगडुगती एक लांब रेघ होती. तिला तीन मोठी अक्षरं लटकत होती. रेघ हवी त्यापेक्षा बरीच लांब ओढलेली, शेवटचा तुकडा रिकामाच. मधुक, एवढंच. पुढचं अक्षर लिहायच्या आधी बहुतेक कुणीतरी हातातला टाक काढून घेतला असावा. वरचे शब्द काकांचे होते आणि हात तिने वळवलेला होता, आणि मी दोन्ही एकाच कागदावर ठेवून तिचा सौदा करून आलो होतो. बदल्यात पेढा घेऊन.

निकाल अर्ध्या पानाचा होता. मुलाची स्वतःची इच्छा स्पष्ट असल्याने अर्ज नामंजूर.

मी बस्ता मिटणार तोच मागे दोऱ्यात ओवलेल्या चिठ्ठ्या हाताला लागल्या. लहान, एकाच मापाच्या, अर्ध्या पिवळ्या पडलेल्या. काम पाहण्याचे अर्ज. मी आता जो भरून दिला होता तसलेच. पहिला नऊ फेब्रुवारी एकोणतीस. अर्जदार गोदावरीबाई आठल्ये. कारण: 'मुलाची सही पाहणे.' दुसरा दहा फेब्रुवारी तीस. तेच कारण. एकतीस, बत्तीस. नऊला रविवार आला असेल तिथे दहा तारीख. मी एकेक चिठ्ठी उलटत गेलो. मी मॅट्रिक झालो ते वर्ष. मी नोकरीला लागलो ते वर्ष. पाण्याच्या टाकीआड उभा राहिलो ते वर्ष. शेवटची चिठ्ठी नऊ फेब्रुवारी अठ्ठेचाळीसची. तो आठवडा मी विसरणं शक्य नाही. आमचं घर जळून चार दिवस झाले होते, आम्ही माधवनगरच्या खोलीत दारं लावून बसलो होतो, आपल्यातलं कुणी गल्लीच्या तोंडापर्यंत जायला धजत नव्हतं. आणि त्या आठवड्यात ही बाई एकटी मिरजेहून गाडीत बसली होती, सातारा रोडला उतरली होती, कोर्टात येऊन तिने स्टँप लावला होता आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, मुलाची सही पाहणे.

नानासो दाराशी स्टुलावर बसून बस्त्यांचे दोर वळत होता. मी काही विचारलं नव्हतं, पण माझं तोंड त्याला दिसत असणार. बाई दरसाल यायच्या, तो सांगू लागला. छत्री, पांढरं लुगडं. बसायच्या, तो एक कागद काढायच्या, तासभर बघायच्या, निघून जायच्या. पेन्सिलसुद्धा मागायच्या नाहीत. शिरस्तेदारांनी एकदा सांगून पाहिलं की बाई, नक्कल घ्या की एकदाची, घरात ऱ्हाईल. त्यावर काय म्हणाल्या ते त्याने आठवून आठवून सांगितलं, जणू त्यालाही त्या वेळी ते नीट पटलं नसावं.

"म्हनल्या, नक्कल हाय माज्याकडं. पर नकलंत त्येचं अक्षर येत न्हाई."

खरंच येत नाही. नक्कल करणारा आपल्या हाताने सगळं उतरवतो, आणि सहीच्या जागी कंसात 'सही' लिहून पुढे नाव घालतो. मग एक वाचतो, दुसरा अस्सलाशी ताडून रुजुवात घेतो, आणि खाली शिक्का बसतो, अस्सलबरहुकूम खरी नक्कल. हजारो नकलांवर मी तो शिक्का मारलाय. त्यात कधी काही कमी आहे असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

ही फाईल नाशाच्या यादीत दोनदा निघाली, नानासो म्हणाला. त्याने दोन्ही वेळा ती उचलून बाजूला ठेवली. बाई येतील तेव्हा त्यांना काय दाखवायचं? मग दोर वळता वळता थांबून तो म्हणाला, "यंदा न्हाई आल्या. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. आमी वाट बगितली." आता कार्तिक चालला होता. तो पुन्हा दोर वळायला लागला. याहून जास्त त्याला माहीत नव्हतं.

काम पाहिल्याबद्दल माझ्या चिठ्ठीवर सही हवी होती. नानासोने फडताळातून माझंच पेन आणून दिलं. मी रेघ ओढली आणि अक्षरं टांगायला लागलो. म्हातारा वाकून बघत होता. मग हळूच म्हणाला, "अजून तसंच काडताय व्हय." त्या परक्या माणसाला माझं अक्षर ओळखता येत होतं. मी 'र' पुरा केला. त्याने चिठ्ठी दोऱ्यात ओवली, तिच्या अठ्ठेचाळीसच्या चिठ्ठीच्या पाठीशी. क्षणभर मला फार बरं वाटलं, की पुढच्या फेब्रुवारीत ती येईल आणि तिला ही दिसेल. लगेच माझी मलाच शिसारी आली. सहा मैलांवर आठ वर्षं राहिलेला माणूस तिच्यासाठी काय ठेवून चालला होता, तर साताऱ्याच्या फडताळात एक कागद.

त्या रात्री मी धर्मशाळेत पडून होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीचौकाकडे जाऊन पाव शेर कंदी पेढे घेतले. कशाला घेतले ते घेताना मला कळत नव्हतं. गाडीत पुडी मांडीवर होती आणि मी काकांना बोलण्याची वाक्यं जुळवत होतो. ती सगळी खरी होती आणि सगळी खोटी वाटत होती. ज्या माणसाने मला वाढवलं, लग्न केलं नाही, माझ्या गोवरात तेरा दिवस अंथरुणाला पाठ टेकली नाही, त्याला दगाबाज म्हणायचं तर कोणत्या तोंडाने? आणि नाही म्हणायचं तर त्या एकोणीस-वीस चिठ्ठ्यांचं काय करायचं? निदान त्याने मला छळलं असतं तर बरं झालं असतं. त्याने माझ्यावर माया केली आणि त्या मायेखाली मला झाकून पळवून नेलं. माझ्या बालपणातली एकुलती एक गोड आठवण, तीही त्याने फसवून दिलेली.

मी माधवनगरला उतरलो तेव्हा तीन वाजले होते. काका झोपाळ्यावरच होते, जसे काही मी गेल्यापासून हललेच नव्हते. माझ्या हाताकडे बघितलं, कागद दिसतो का म्हणून. कागद नव्हता, पुडी होती. त्यांचा चेहरा सैल पडला. मिळाली का तारीख, विचारलं. मिळाली म्हणालो. नऊ फेब्रुवारी. ते मान डोलावत म्हणाले, माघातलाच की, मी सांगत नव्हतो. मी पुडी सोडली. खव्याचा तो भाजका वास खोलीभर झाला. त्यांच्या तोंडात चारच दात उरलेत, तरी त्यांनी लहान मुलासारखा तळवा पुढे केला आणि डोळे मिटले. पेढा खाताना ते नेहमी डोळे मिटतात. मी पेढा त्यांच्या तळव्यावर ठेवला आणि विचारलं, "काय सांगायचं?"

"मला काकांकडेच राहायचंय," ते म्हणाले.

ताबडतोब म्हणाले. कुणी पाढ्याचं पहिलं पद म्हणावं आणि दुसऱ्याचं तोंड आपोआप चालावं तसं. आवाजही त्यांचा नव्हता, बारीक होता, माझा असावा. मग त्यांनी डोळे उघडले. पेढा तोंडाजवळ नेलेला हात तिथेच राहिला. झोपाळ्याची कडी दोनदा कुरकुरली आणि थांबली. मी वाट बघत होतो की ते काहीतरी नाकबूल करतील, रागावतील, आईला चार शब्द बोलतील. मला ते फार हवं होतं. पण ते पेढ्याकडे बघत म्हणाले, "तू गेला असतास तर मी कुणाचा होतो रे?"

मी तांब्याभर पाणी प्यालो. भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. मिरजेची गाडी पावणेचारला होती. कुठल्या दवाखान्यात, कुठल्या आळीत, जिवंत तरी आहे का, काहीच मला माहीत नव्हतं. आणि ती दारात आली तर म्हणायचं काय हे मला कुणीही शिकवलेलं नव्हतं. मी पेन खिशात आहे ना ते चाचपलं आणि चपला घातल्या.

मी उंबऱ्यावर असताना काका झोपाळ्यावरून उठले. खुंटीवरचं उपरणं काढलं आणि दोन्ही हातांत धरून माझ्याकडे आले. सवयीनेच आले. कुठे निघालास, असं त्यांनी विचारलं नाही.

"ऊन आहे अजून," ते म्हणाले, "डोक्यावर घे."

मी त्यांचे हात बाजूला केले आणि उघड्या डोक्याने निघालो.